लिफ्ट केलेल्या गाडीचे शॉक: आधी मोजायचा टेप लावा, कंपनी नंतर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी पुढून-मागून 50 मिमी उचलली आहे, पुढे उंच कॉइल आणि मागे कमानपाट्यांत एक जास्तीचा पाटा. दोन्हीकडे सलग एक्सल, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर. शॉक (शॉक अब्सॉर्बर) मात्र जुनेच आहेत. पुढे लोखंडी बंपर आणि विंच बसवलाय, टायर एक माप मोठे घातलेत. आता चाक खड्ड्यात उतरलं की पुढून ‘ठक्’ असा लोखंडी आवाज येतो, आणि ताशी 80 च्या पुढे रस्त्याला जरा लाट आली की गाडीचं नाक दोन-तीनदा खालीवर डुलतं. म्हणून सगळ्यात कडक शॉक कोणत्या कंपनीचे मिळतील आणि ट्विन-ट्यूब घ्यावेत की मोनोट्यूब, असं तुम्ही विचारलंय.

कंपनीचं नाव बाजूला ठेवा, कारण या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. ‘ठक्’ हा लांबीचा प्रश्न आहे. नाक डुलणं हा दाबाचा, म्हणजे शॉक हालचालीला किती अडवतो त्याचा, त्याच्या आतल्या व्हॉल्व्हिंगचा प्रश्न आहे. तुम्ही आहे त्याच लांबीचे जास्त कडक शॉक घातलेत तर डुलणं कमी होईल, पण ठक् तशीच राहील. आणि नुसते लांब शॉक घातलेत तर ठक् जाईल, पण त्या बदल्यात काहीतरी जास्त महागाचं मोडायची शक्यता आहे. ते कसं, ते आधी सांगतो.

शॉक गाडी उचलून धरत नाही, ते काम स्प्रिंगचं. स्प्रिंग दबली की तिच्यात जोर साठतो, तो सोडला नाही तर ती उसळत राहते. शॉकमधलं तेल बारीक वाटांतून ढकललं जातं आणि त्या उसळीची उष्णता होते. एवढंच त्याचं काम. पण शॉक ही एका ठरावीक लांबीची वस्तू आहे. ती एका मापापर्यंत मिटते, एका मापापर्यंत उघडते, आणि त्या दोन्ही टोकांना तिला गाडीचं वजन झेलायला लावलं तर ती तुटते.

तुमच्या पुढच्या शॉकची मापं मला माहीत नाहीत, म्हणून एक उदाहरण धरू. समजा जुना शॉक डोळ्यापासून डोळ्यापर्यंत (डोळा म्हणजे टोकाचं बोल्टचं भोक) मिटलेला 355 मिमी आणि पूर्ण उघडलेला 580 मिमी आहे. लिफ्टच्या आधी गाडी जमिनीवर उभी असताना तो 480 वर असायचा. म्हणजे चाक खाली उतरायला 100 मिमी जागा होती. गाडी 50 मिमी उचलली, शॉक जवळजवळ उभा असेल तर आता तो 530 वर उभा राहतो. खाली उरले 50. चाक जरा खोल खड्ड्यात गेलं की पिस्टन वरच्या टोकाला जाऊन आदळतो. तुमची ठक् ती हीच, असा माझा अंदाज आहे. खात्री करायची तर शॉकच्या दांड्यावर वरच्या टोकापासून तो नळीत शिरतो तिथपर्यंत ग्रीसची बारीक रेघ ओढा आणि नेहमीच्या खडबडीत रस्त्यावरून एक फेरी मारून या. मग गाडी उभी करून, दांडा किती उघडा आहे आणि रेघ कुठवर पुसली गेली, ते बघा. यातून शॉक किती मिटतो तेवढं कळतं. उघडण्याच्या टोकासाठी मात्र चासी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घेऊन एक्सल लोंबकळू द्यावा लागतो. एक्सल स्प्रिंगच्या मोकळेपणामुळे थांबतोय की शॉकला लटकलाय, ते डोळ्यांनीच दिसतं.

आता लोक इथे सहज म्हणतात, 50 मिमी लिफ्ट केली ना, मग 50 मिमी लांब शॉक घ्या. यात एक मेख आहे. शॉकच्या लांबीत एक भाग मेलेला असतो: डोळे, सील, पिस्टनची जाडी. आपल्या उदाहरणात स्ट्रोक, म्हणजे दांडा आत-बाहेर सरकतो ते अंतर, 225 आणि मेलेला भाग 130. मिटलेली लांबी म्हणजे स्ट्रोक अधिक मेलेला भाग. उघडलेली लांबी म्हणजे दोनदा स्ट्रोक अधिक मेलेला भाग. म्हणून उघडलेली लांबी 40 मिमीने वाढवली की स्ट्रोक 20 ने वाढतो आणि मिटलेली लांबीसुद्धा 20 ने वाढते. 580 चा शॉक 620 चा केला तर तो मिटून 375 होतो, पूर्वीसारखा 355 होत नाही. आणि गाडीचा रबरी बंप स्टॉप, म्हणजे एक्सलला वर जाताना शेवटी अडवणारा ठोकळा, जर शॉक 370 वर असताना पूर्ण दबत असेल, तर शॉक त्याच्या 5 मिमी आधीच मिटून जाईल. मग एक्सलचा सगळा दणका बंप स्टॉपऐवजी शॉकवर.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीला मी खोक्यावर ‘50 ते 75 मिमी लिफ्टसाठी’ असं छापलेले शॉक घातले. मापं घेतली नाहीत, खोक्यावर विश्वास ठेवला. महिन्याभराने ती गाडी परत आली तेव्हा पुढच्या डाव्या शॉकचा खालचा डोळा फाटला होता आणि दांडा वाकून सीलमधून तेल गळत होतं. चासीवरचा वरचा कंसही वेल्डपाशी तडकला होता. मोजलं तेव्हा बंप स्टॉप पूर्ण दबायच्या 7 मिमी आधी शॉक मिटत होता. तेव्हापासून स्प्रिंग उतरवून एक्सल वर-खाली करून मोजल्याशिवाय मी एकही शॉक मागवलेला नाही.

मोजायची रीत सांगतो, घरच्या जॅकने जमते. गाडी सपाट जागी, टाकी भरलेली, नेहमीचं सामान आत, टायरची हवा बरोबर. आधी उभ्या गाडीत चारही शॉकची लांबी मोजून लिहा. डोळा असेल तर बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत, वर सळईचं टोक असेल तर बुश जिथे टेकतो त्या खांद्यापासून. मग चासी घोड्यांवर घ्या, शॉक सोडा, पुढची कॉइल काढा आणि एक्सल जॅकने वर न्या, बंप स्टॉप टेकेपर्यंत. इथे बहुतेकजण थांबतात. पण जोराच्या दणक्यात तो रबर दाबला जातो, साधारण निम्म्या उंचीपर्यंत. तेव्हा त्या दबलेल्या अंतराचा हिशेब धरून शॉकच्या दोन टोकांमधलं अंतर काढा. नंतर एका बाजूचं चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली करून पुन्हा मोजा, कारण सलग एक्सलवर शॉक जर बंप स्टॉपच्या बाहेरच्या बाजूला असेल तर एक्सल तिरका झाल्यावर तो सरळ वर गेल्यापेक्षाही जास्त मिटतो. या सगळ्यांतलं सगळ्यात छोटं माप हे तुमचं खरं माप. शॉकची मिटलेली लांबी त्याहून किमान 15 मिमी कमी असायला हवी.

खालच्या बाजूला मोजताना डोळे उघडे ठेवा. एक्सल लोंबकळत असताना ब्रेकचा होज ताणला जातोय का? कॉइल तिच्या बैठकीत सैल होऊन हलतेय का? प्रोपेलर शाफ्टचा जोड हाताने फिरवल्यावर अडकतोय का? जुन्या गाडीत आखूड शॉक एक्सलला इथवर येऊच देत नव्हता. लांब शॉक घातला की ती वेस निघून जाते आणि पुढचा सगळ्यात आखूड भाग कोण, तर बऱ्याचदा ब्रेकचा होज. तो ताणला जाण्याआधी शॉक संपला पाहिजे, याबाबतीत मी कधीही तडजोड करत नाही. होज आखूड पडत असेल तर आधी लांब होज, मग शॉक. मागच्या एक्सलला भारानुसार ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह आणि त्याची सळई असेल तर तीही बघून घ्या. गाडी उचलल्यावर त्या व्हॉल्व्हला वाटतं की गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो.

उदाहरणातल्या गाडीत मी 620 चाच शॉक निवडेन, पण बंप स्टॉप साधारण 20 मिमी खाली आणून. म्हणजे 530 वर उभी असलेली गाडी वर 140 जाऊ शकते, 390 पर्यंत, आणि खाली 90. लिफ्टनंतर जुन्या शॉकवर हा हिशेब वर 160, खाली 50 असा होता. वरचे 20 मिमी सोडून खालचे 40 कमावले. ओबडधोबड जागी हळू जाताना चाक जमिनीला धरून राहण्यासाठी खालची जागा लागते. वेगात जाताना मात्र वरची. तुमची गाडी कुठे जास्त चालते त्यावर हा तोल थोडा इकडे-तिकडे होईल. शॉकच्या टोकाला लावायचे लांबी वाढवणारे तुकडे मिळतात, ते टाळा. त्यांनी मिटलेली लांबीही तेवढीच वाढते, स्ट्रोक मात्र एक मिमीही वाढत नाही.

लांबी ठरली. आता डुलण्याकडे येऊ, आणि ‘सगळ्यात कडक’ या शब्दाकडे.

शॉकचा दाब दोन दिशांचा असतो. मिटतानाचा आणि उघडतानाचा. मिटतानाचा दाब मुख्यतः चाक आणि एक्सलचं वजन आवरतो. उघडतानाचा दाब स्प्रिंगमध्ये साठलेला जोर आवरतो, म्हणून बहुतेक शॉकमध्ये तो मिटतानाच्या दाबापेक्षा बराच जास्त ठेवलेला असतो. तुमचं नाक दोन-तीनदा डुलतं याचा अर्थ उघडतानाचा दाब नव्या स्प्रिंगला आणि नव्या वजनाला पुरत नाही. किती वाढवायचा? इथे एक गणित उपयोगी पडतं. लागणारा दाब स्प्रिंगचा कडकपणा आणि तिच्यावरचं वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. नवी कॉइल 20 टक्के कडक असेल आणि वजन तेच, तर दाब साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढायला हवा. कॉइल 20 टक्के कडक आणि पुढचं वजन 15 टक्के जास्त, तर साधारण साडेसतरा टक्के. म्हणजे तुम्हाला जे हवंय ते मूळच्यापेक्षा थोडं जास्त दाबाचं आहे. दुप्पट कडक नव्हे.

आणि जास्त कडक घेतलं तर काय होतं, हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा बघतो. उघडतानाचा दाब प्रमाणाबाहेर असला की चाक खड्ड्यात वेळेवर उतरत नाही. लहान लहान लाटांच्या कच्च्या रस्त्यावर पहिल्या उंचवट्याला शॉक मिटतो, परत उघडायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. दर वेळी थोडा थोडा मिटत गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर चालू लागते. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग मऊ पडली, म्हणून तो आणखी कडक स्प्रिंग घालतो. खरं कारण शॉक असतो. मिटतानाचा दाब जास्त असला तर गोष्ट वेगळी: प्रत्येक दगड हातात आणि पाठीत जाणवतो, आणि चाक उडतं. हवेत असलेलं चाक ब्रेकही लावत नाही आणि वळतही नाही.

म्हणून विक्रेत्याला ‘कडक द्या’ असं सांगू नका, वजन सांगा. गाडी वजनकाट्यावर न्या, आधी फक्त पुढचा एक्सल काट्यावर चढवून, मग पूर्ण गाडी. माणसं, पाणी, अवजारं, भरलेली टाकी, जशी प्रवासाला जाते तशी. विंच आणि बंपर कायमचे आहेत, ते स्प्रिंग आणि शॉकच्या हिशेबात धरायचेच. मागे मात्र तुमचं सामान कधी असतं, कधी नसतं. अशा बाजूला बाहेरून फिरवायची चकती असलेला शॉक खरंच कामाचा ठरतो. घेण्याआधी एवढं विचारा की चकती फिरवल्यावर फक्त उघडतानाचा दाब बदलतो की दोन्ही. माझी पसंती फक्त उघडतानाचा बदलणाऱ्याला, कारण सामान चढवल्यावर आवरायचं असतं ते स्प्रिंगला.

दुसऱ्याच्या गाडीत जे बसलं ते तुमच्यात बसेल असं का नसतं, याचं एक कारण कोन आहे. मागचे शॉक बहुधा तिरके असतात. शॉक उभ्या रेषेपासून 30 अंश झुकलेला असेल तर चाकापाशी त्याचा दाब तीन-चतुर्थांशच पोचतो. 45 अंशांवर निम्मा. लिफ्टनंतर हा कोन थोडा बदलतो, आणि कोणी वरचा कंस हलवला असेल तर बराच बदलतो. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीचा हिशेब तर आणखी वेगळा. तिथे शॉक आडव्या हातावर मधेच कुठेतरी बसतो, त्यामुळे चाक 50 मिमी हललं तरी शॉक 30 च्या आसपासच हलतो. अशा गाडीवाल्याने दिलेले आकडे तुमच्या सलग एक्सलला लावू नका.

आता ट्विन-ट्यूब की मोनोट्यूब. ट्विन-ट्यूबमध्ये नळीत नळी असते. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि थोडा वायू. खूप वेळ जोरात हलला की तेल आणि वायू एकत्र होऊन फेस होतो, आणि फेसाला दाब देता येत नाही. यावर उपाय म्हणून काही शॉकमध्ये मोकळ्या वायूऐवजी बंद पेशींच्या फोमची पट्टी असते, त्याला फोम सेल म्हणतात. मोनोट्यूबमध्ये एकच नळी. तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे फेस होत नाही, आणि तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागत असल्याने उष्णता लवकर निघून जाते. त्या बदल्यात दोन गोष्टी सोसाव्या लागतात. एक, नळीला दगडाने पोचा आला की पिस्टन तिथेच अडकतो. ट्विन-ट्यूबच्या बाहेरच्या नळीला तसाच पोचा आला तर बहुधा काही बिघडत नाही. दोन, वायूची कोठी त्याच नळीत असल्याने मेलेली लांबी वाढते, आणि मघाचं मिटलेल्या लांबीचं गणित अजून तंग होतं. बाहेर वेगळी कोठी असलेले शॉक ही जागा परत मिळवून देतात आणि तेलही जास्त सामावतात, पण कोठी आणि तिचा होज कुठे बांधायचा ते टायर पूर्ण वळवून, एक्सल पूर्ण वर नेऊन बघावं लागतं.

मोनोट्यूबचा वायूदाब दांड्याला बाहेर ढकलत असतो. 14 मिमीचा दांडा आणि 25 बार दाब असेल तर तो जोर जवळपास 39 किलोचा होतो. म्हणून तो पट्टा बांधून मिटलेला येतो आणि पट्टा कापला की सावकाश पण ठामपणे उघडतो. दोन शॉकचा मिळून हा जोर गाडीला किंचित वर उचलतो. उंची मोजायची ती शॉक बसवल्यावर पुन्हा मोजा.

तुम्ही लिहिलंय की रोजचा वापर डांबरी रस्त्यावर, महिन्यातून एखादा दिवस दगड-चिखलात, वेग कमी. या वापराला मी मोठ्या व्यासाचे फोम सेल ट्विन-ट्यूब घालेन. दगडांत पोचे सहन करतात, कमी वेगात उष्णतेचा प्रश्न येत नाही. हेच तुम्ही लाटांच्या कच्च्या रस्त्यावर तासन् तास वेगात जाणारे असतात तर मोनोट्यूब, शक्यतो बाहेरच्या कोठीचे, असं सांगितलं असतं. आणि तसा रस्ता अधूनमधूनच येणार असेल तर टायरची हवा कमी करून वेग आवरा, शॉकवरचा भार त्याने खूप हलका होतो.

शॉक किती तापतात हे बघायची सवय लावून घ्या. लांब खडबडीत टप्प्यानंतर गाडी थांबवून प्रत्येक शॉकवर पाण्याचा एकेक थेंब टाका, हात लावू नका. थेंब चर्र करून उडाला तर नळी 100 अंशांच्या वर गेली आहे, आता विश्रांती. आणि एकाच एक्सलवरचे दोन शॉक ताडून बघा. एकावर थेंब उडतोय आणि दुसऱ्यावर नुसता ओघळतोय, तर बिघडलेला बहुधा तो थंड असलेला, कारण तो कामच करत नाहीये.

बसवताना एकच गोष्ट जपा. रबरी बुशचे बोल्ट एक्सल लोंबकळत असताना आवळू नका. आधी हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या, मग पाना लावा. लोंबकळत्या स्थितीत आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळला जातो आणि पुढे दर उंचवट्याला आणखी पिळत राहतो. थोड्याच महिन्यांत तो फाटतो. साधारण 500 किमी झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

आता मला तुमच्याकडून आकडे हवेत: उभ्या गाडीतली चारही शॉकची लांबी, बंप स्टॉप दबल्यावरचं सगळ्यात छोटं माप, ब्रेकचा होज ताणला जायच्या आधीचं सगळ्यात मोठं माप, दोन्ही एक्सलचं वजन, आणि शक्य असेल तर मागच्या शॉकचा कोन. ते आले की तुमच्या गाडीला कोणती लांबी बसेल ते मिमीपर्यंत सांगता येईल, आणि तेव्हा कंपन्यांच्या याद्या घेऊन बसू. तोवर जुने शॉक ठेवून हळू चालवा, आणि पुढे ठक् वाजतेय तोवर वरच्या कंसाच्या वेल्डवर दर आठवड्याला नजर टाका.